काठाच्या आतली वायर

अजाबराव मिस्त्रींचं नाव निघालं की मलकापुरातले जुने गाडीवाले आजही कानाच्या पाळीला हात लावतात. मी लावत नाही. का लावत नाही ते सांगणारच आहे, पण आधी माणूस कसा होता ते सांगू द्या. नाहीतर तुम्ही म्हणाल, धामणगावचा नामदेव चक्कीवाला रागात बोलून राहिला. रागात तर मी आहेच, पण खोटं बोलणार नाही.

स्टेशनच्या रस्त्याला, कापसाच्या बैलगाड्या सुटायच्या त्या मैदानाच्या कडेला एक कडुनिंब होता, आणि त्याच्याखाली अजाबरावांचं पत्र्याचं दुकान. पाटी नव्हती. काम एकच, गाडीची वायरिंग. इंजिनाला ते बोट लावायचे नाहीत. कुणी म्हटलं, मिस्त्री, जरा पिस्टनचा आवाज ऐका, तर म्हणायचे, "ते लोहाराचं काम हाय भाऊ. मी वायरवाला." उंच, सडपातळ माणूस, डोक्यावर पांढरी टोपी, बिनकॉलरचा सदरा. उजव्या अंगठ्याचं नख त्यांनी मुद्दाम वाढवलेलं होतं. त्या नखानं ते वायरीचं रबर असं सोलायचे की आतल्या तांब्याच्या एका केसालाही धक्का नाही. बॅटरीत जीव आहे की नाही ते बघायला दोन वायरींची टोकं सरळ जिभेला लावायचे, डोळे मिटायचे आणि सांगायचे, "खारट हाय. जित्ती हाय."

त्यांच्या तोंडात एक शब्द कायम बसलेला, असल. चहा असल, मिरची असल, सोयरा असल. जावई बघायला गेले तेव्हा मुलाचं घरदार, शेतीवाडी सगळं बघून झाल्यावर बाहेर येऊन म्हणाले होते, "पोरगा बरा हाय, पण हासते ते असल नाई." सोयरीक मोडली. पुढे तो मुलगा खरंच घर सोडून पळाला, आणि तेव्हापासून तर मलकापुरात अजाबरावांच्या शब्दाला भलतीच किंमत आली.

एकदा बुलढाण्याचा एक ठेकेदार आपली फटफटी घेऊन आला. जुनी विलायती गाडी, पण कुण्या शहाण्यानं तिच्यात सगळ्या वायरी नव्या, लाल, प्लास्टिकच्या घातलेल्या. दिव्याची लाल, हॉर्नची लाल, डायनमोची लाल. अजाबरावांनी गाडीभोवती एक चक्कर मारली आणि टोपी काढून हातात धरली. ठेकेदार घाबरला. "काय झालं मिस्त्री?"

"मयत हाय ना भाऊ. टोपी काढा लागते."

आम्ही हसून हसून लोळलो. पण त्यांच्या डोळ्यांत खरंच पाणी होतं, ते मी पाहिलं. मग ठेकेदाराला त्यांनी जुन्या वायरीचा एक तुकडा दाखवला. जुन्या विलायती गाड्यांच्या वायरीला रबरावरून सुताचं विणलेलं वेष्टण असतं, काळपट तपकिरी, आणि त्या विणीत एकच रंगीत धागा जातो. दिव्याला निराळा रंग, हॉर्नला निराळा. "तुम्ही कपाशीच्या मुलखातले लोक," अजाबराव त्याला म्हणाले, "अन् तुमच्याले सुताची कदर नाई? अरे, कोण्या तरी बाईनं कारखान्यात बसून हा धागा भरला असन. तो तुम्ही उकिरड्यावर फेकला." आणि गाडी परत पाठवली. मी स्वतः तिथे होतो. तेव्हाच ठरवलं, दादाची गाडी द्यायची तर याच माणसाला.

आता दादाची गाडी. महाराष्ट्र नवानवा झाला होता ते दिवस. आमच्या धामणगाव बढ्यात विजेचे खांब येऊन पडले होते, तारा यायच्या होत्या. माझी पिठाची चक्की तेलाच्या इंजिनावर चालायची. माझे थोरले भाऊ, आमचे दादा, तारखात्यात लाइनमन. लढाई संपल्यावर लष्कराचा माल लिलावात निघाला त्यातून त्यांनी ही विलायती फटफटी आणली होती. लष्करातही ती जुनीच म्हणून चाललेली असावी. टाकी एका गाडीची, मागचं चाक दुसरीचं, पण वायरिंग मात्र कारखान्यातून आली तशीच्या तशी. तिच्यावर दादांचा भारी जीव. कुठे वायर तुटली तर खात्यातल्या तारेला मारतात तसा सांधा मारायचे. दोन्ही टोकं एकमेकांवर आवळून, जवळ जवळ वेढे देऊन, वर कथिलाचा डाग. बोट फिरवलं तर सांधा कुठे सुरू होतो ते कळायचं नाही.

हँडलच्या मानेपाशी मात्र वायरींचा जुडगा घासून घासून उघडा पडला. सुताची वीण फाटली. दादांनी वहिनीला बोलावलं. वहिनी डावखुरी. जेवताना आईच्या धाकानं उजवा हात वापरायची, पण सुई मात्र डाव्या हातातच. तिनं आपल्या लग्नातल्या लुगड्याचा लाल-पिवळा काठ फाडला आणि भर अंगणात, दादा हँडल वळवून धरून उभे, अशी बसून त्या जुडग्यावर जागच्या जागी शिवला. "गाडीले पोलकं शिवून राह्यली वो नामदेवची भावजय," म्हणून अख्खी गल्ली हसायला जमली होती. वहिनी लाजून लाल झाली, पण टाका काही सोडला नाही.

त्या गाडीचा दिवा रोज संध्याकाळी नाल्याच्या वळणावर दिसायचा. गावात उजेड म्हणजे कंदील, त्यामुळे तो दिवा दुरूनच ओळखू यायचा. वळणावर खड्डा होता. गाडी खड्ड्यात उतरली की कुठली तरी वायर हलायची आणि दिवा एकदा लवायचा. वहिनी ओट्यावरून बघायची. दिवा लवला की आत जाऊन तव्यावर भाकर टाकायची. दादा दारात पोचेपर्यंत भाकर फुगलेली असायची.

दादा मुदतीच्या तापानं गेले. गाडी चक्कीच्या मागच्या खोलीत पोत्याखाली उभी राहिली. दिवाही गेला, इंजिनही थंडावलं. मी इंजिनाची माहिती असलेला माणूस, इंजिन मी माझ्या हातानं चालू केलं. पण वायरीत आमचं काही चालेना. एक दिवस मी वहिनीला म्हणालो, मलकापूरला असा असा मिस्त्री आहे, गाडी त्याला दाखवू का? वहिनीनं हातातलं काम खाली ठेवलं. मग म्हणाली, "दाखवा. पण एक सांगा त्याईले. तुमच्या दादाचा हात लागलेली एकबी वायर बदलाची नाई. दिवा लागो का न लागो. लागला तं एकडाव मले त्या वळणावर पाहाचा हाय."

तिची एवढीच मागणी होती. नवरा गेल्यावर त्या बाईनं दुसरं काहीच कधी मागितलं नव्हतं.

अजाबराव गाडी बघायला स्वतः धामणगावला आले. गाडीपाशी बसले, टाकी उतरवली, आणि आतली वायरिंग बघून त्यांचा श्वास अडकला. मी शेजारीच होतो, ऐकला मी. किती तरी वेळ ते नुसते बघत राहिले. मग दादांच्या सांध्यावर बोट ठेवून मला म्हणाले, "नामदेवभाऊ, इकडे या. हा सांधा पाहा. हा तारवाल्याचा हात हाय. असा सांधा आता कोणी मारत नाई. पाहून ठेवा, उद्या हजार वायरीत पडला तरी वळखाले आला पाह्यजे." मी पाहून ठेवला. त्यांनी माझं बोट धरून त्यावरून फिरवलं सुद्धा.

मग लुगड्याच्या काठापाशी आले. "हे काय?" वहिनी दाराआडून म्हणाली, "ते म्या शिवलं." अजाबरावांनी नुसती मान हलवली. तेव्हा मला वाटलं, गहिवरले.

जेवायला वांग्याचं भरीत, ज्वारीची भाकर, तेलात परतलेल्या हिरव्या मिरच्या. वहिनीनं वाढता वाढता आपली अट सांगितली. अजाबरावांनी हातातला घास खाली ठेवला. ताटातल्या भाकरीवर हात ठेवला आणि म्हणाले, "बाई, ह्या भाकरीची आन हाय मले. तुमच्या मालकाची वायर ते तुमच्या मालकाची वायर. असल ते असलच राह्यते." वहिनीनं डोळ्यांना पदर लावला आणि त्यांच्या ताटात आणखी एक भाकर टाकली. ती त्यांनी खाल्ली. पूर्ण खाल्ली.

पुढचे कित्येक महिने गाडी मलकापूरला होती. माझं आठवड्याला तिकडे जाणं व्हायचंच, कधी चक्कीच्या पट्ट्यासाठी, कधी तेलासाठी. प्रत्येक वेळी मी कडुनिंबाखाली जाऊन बसायचो. खोटं कशाला बोलू, ते दिवस माझ्या आयुष्यातले फार चांगले दिवस होते. अजाबराव काम करता करता बोलायचे आणि मी ऐकायचो. ही गाडी निराळी कशी, बॅटरीचं अधिक टोक हिच्यात लोखंडाला कसं जातं, नवशिक्या मिस्त्री ते उलटं जोडून डायनमो कसा मारून टाकतो. मधेच कुणी गिऱ्हाईक आलं तर म्हणायचे, "थांब बे जरा. नामदेवभाऊले सांगून राह्यलो. ह्या गावात वायर समजणारा हा एकच माणूस हाय, अन् तोबी धामणगावचा." मी फुगायचो. आमच्या बायकोनं एकदा टोमणा मारला, "मिस्त्रीच्या नादानं चक्की बंद पाडान तुम्ही." मी तिच्यावरच डाफरलो.

त्यांनी गाडीची वायरिंग अख्खी बाहेर काढली. सापाची कात काढावी तशी, जराही न ताणता. मग एका लांब फळीवर ती पसरली आणि जिथे जिथे वायर वळते, फुटते, थांबते तिथे तिथे खिळे ठोकले. वायरिंग त्या खिळ्यांत बरोबर बसली. "हे कायले?" मी विचारलं. "तिची लांबी-रुंदी आपल्या ध्यानात राहाले पाह्यजे," ते म्हणाले. काय काळजी आहे या माणसाला, असं मला वाटलं.

आणखी एकदा गेलो तर कोपऱ्यात भगुण्यात काळा चहा. मी पेला पुढे केला. अजाबराव खो खो हसले. "पिऊ नका बाप्पा! त्याच्यात सूत मुरत घातलं हाय." जवळ जाऊन बघतो तर खरंच, चहाच्या पाण्यात पांढरी सुती वायर बुडवलेली. एक वीतभर तुकडा खराब झालाय, तेवढा बसवायचा, म्हणून नवं सूत जुन्यासारखं दिसायला पाहिजे, असं ते म्हणाले. भगुणं चांगलं मोठं होतं. वीतभर तुकड्यासाठी एवढं मोठं भगुणं कशाला, हे मला सुचलं नाही. विश्वास बसला की माणसाचे डोळे उघडेच असतात, पण त्यांचा काही उपयोग नसतो.

गाडी तयार झाली. अजाबरावांनी किक मारली, दिव्याचं बटण फिरवलं. भर दुपारी कडुनिंबाच्या सावलीत दिवा लागला. आसपासचे हमाल, गाडीवान, सगळे टाळ्या वाजवायला लागले. अजाबरावांनी मला टाकीखाली हात घालायला लावला. हँडलच्या मानेपाशी तोच लाल-पिवळा काठ. "पाहा, बाईचं पोलकंबी जाग्यावर हाय," म्हणाले. मी मजुरीचं विचारलं तर त्यांनी माझा हात धरून बाजूला केला. "तुमच्या वहिनीच्या भाकरीत फिटलं ते." आणि मी, मूर्ख माणूस, त्यांच्या पाया पडलो.

संध्याकाळ धरून निघालो. मुद्दामच. मोताळ्यापर्यंत उजेड होता, पुढे दिवा लावला. नाल्याच्या वळणावर आलो. खड्ड्यात गाडी उतरली, वर आली. दिवा लवला नाही. एकसारखा लख्ख राहिला. मनात म्हटलं, वा रे अजाबराव, तो जुना बिघाडही काढला.

वहिनी ओट्यावर उभी होती. आई आत जाऊन आरतीचं ताट घेऊन आली. वहिनीनं गाडीला हळद-कुंकू वाहिलं, आणि मग पदर सावरून टाकीखाली हात घातला. त्या काठावरून तिनं बोट फिरवलं. एकदा इकडून, एकदा तिकडून. तिचा चेहरा कंदिलाच्या उजेडात मला नीट दिसला नाही. हात बाहेर काढून ती म्हणाली, "दिवा चांगला लागला." आणि आत गेली.

मला वाटलं, दादांची आठवण आली असेल. वाटणारच. पण त्या दिवसानंतर वहिनी माझ्याशी बोलायची ती कामापुरती. आधी चक्कीवरून यायला उशीर झाला की रागवायची, चेष्टा करायची, भाऊजी, तुमच्या मिशाईले पीठ लागलं, म्हातारे दिसून राह्यले म्हणायची. ते सगळं बंद. ताट वाढायचं आणि निघून जायचं. गाडीकडे तर ती वळूनही बघेना. मी आईला विचारलं, बायकोला विचारलं. कुणाला काही माहीत नव्हतं. वर्ष असंच गेलं.

पुढच्या खंडेनवमीला मी मलकापूरला होतो. त्या दिवशी सगळीकडे यंत्रांची, गाड्यांची पूजा. सरकी काढायच्या कारखान्याच्या, म्हणजे जिनवाल्या एका शेठनं आपल्या जिनमध्ये सगळ्या गाड्या धुऊन-पुसून, झेंडूच्या माळा घालून मांडल्या होत्या, आणि बघ्यांची गर्दी लोटली होती. मधोमध एक फटफटी उभी. आमच्याच जातीची, पण काय तिचा थाट! टाकी कारखान्याची, चाकं कारखान्याची, बत्तीची काचसुद्धा मूळची. शेठनं ती कुठल्या तरी संस्थानिकाकडून आणली होती म्हणे. आणि तिच्यापाशी अजाबराव उभे, नवी टोपी घालून. टाकी त्यांनी मुद्दाम उतरवून ठेवली होती, आतलं लोकांना दिसावं म्हणून.

मला बघून त्यांचा चेहरा फुलला. फुललाच, मी शपथेवर सांगतो. "या, या, नामदेवभाऊ! आता आला समजणारा माणूस. ह्या लोकाईले काय समजते? माळा पाहून राह्यले. या, आतून पाहा. ह्या गाडीत आता सगळं असल हाय. सगळं!"

मी वाकून पाहिलं. काळपट सुताची वायरिंग, प्रत्येक वायरीत तिचा रंगीत धागा. मानेपाशी वीण फाटलेली, तिथे नुसतं पातळ मेण चोपडलेलं. आणि तिथून वीतभर मागे एक सांधा. मी बोट फिरवलं. सांधा कुठे सुरू होतो ते कळत नव्हतं.

मी म्हणालो, "अजाबभाऊ, हा दादाचा सांधा हाय."

"हाव," ते म्हणाले. आवाज चढला नाही, पडला नाही. "वळखला ना? म्या म्हटलंच होतं, वळखसान."

"अन् आमच्या गाडीत?"

"तुमच्या गाडीतबी चांगलीच हाय. म्या स्वतः विणली. बारीक सारीक सगळं तसंच केलं. दिवा लागते का नाई?"

"तुम्ही भाकरीवर हात ठेवला होता."

तेव्हा मात्र त्यांनी टोपी सारखी केली. मग मला बाजूला घेऊन, एखाद्या घरच्या माणसाला समजावतात तसे म्हणाले, "नामदेवभाऊ, तुमच्या गाडीची टाकी दुसरीची, चाक दुसरीचं. तिच्यात ते वायरिंग म्हणजे... कसं सांगू तुमाले? इथं सगळं असल होतं, एक वायरिंग तेवढी नव्हती. सारी उमर मी अशी एक गाडी पाह्याले तरसलो. एक तरी पुरी असल गाडी. तुमच्या गाडीत धक्के खाऊन मेली असती ते वायर. हे गाडी हालणार नाई, इथं ते जगते. तुमच्या वहिनीले दिवा पाह्यजे होता, तो म्या देला. तिचं पोलकंबी उसवून तिले वापस देलं. असल असलापाशी गेलं. कोणाचं काय बुडालं?"

"काढा ते," मी ओरडलो. लोक बघायला लागले. "काढा अन् मले वापस द्या!"

"आता निघत नाई ते," अजाबराव म्हणाले. "जुनं रबर हाय, कडक झालं. एकच डाव निघत होती, ते म्या काढली. आता ओढली तं तुकडे होतील." आणि खालच्या आवाजात म्हणाले, "तुम्हीच ओढा पाह्यजे तं. तुमचा हक हाय."

मी हात घातला होता. खरंच घातला होता. दादांचा सांधा माझ्या मुठीत होता. पण ओढला असता तर सगळ्यांत आधी तोच तुटला असता. अजाबरावांना ते माहीत होतं. मी हात काढून घेतला. शेठचा माणूस प्रसादाचे पेढे घेऊन आला, मी तसाच चालू लागलो. रस्त्यात मला रडू आलं. वायरीसाठी नाही. ज्या माणसाच्या जिभेवर माझा एवढा भरवसा होता, त्या माणसानंच मला शिकवलं होतं की असल म्हणजे काय, आणि त्याच असलपायी त्यानं मला फसवलं. पैशासाठी फसवलं असतं तर मी शिव्या घालून मोकळा झालो असतो.

घरी आलो. वहिनी अंगणात झेंडूची पानं गोळा करत होती. मी तिच्यासमोर जाऊन उभा राहिलो. म्हटलं, आज सांगून टाकावं, मग जे व्हायचं ते होवो. "वहिनी, अजाबरावानं आपल्याले फसवलं. दादाची वायर त्यानं दुसऱ्या गाडीत घातली. आपल्या गाडीत नकली हाय."

तिनं वरही पाहिलं नाही. "मले मालूम हाय."

"काय मालूम हाय? कधीपासून?"

"तुम्ही गाडी आणली त्याच दिवशी. काठ माह्या होता, टाके माहे नव्हते. माहे टाके डाव्या हाताचे, ते इकडे लवतात. ते सारे तिकडे लवले होते. दोराबी दुसरा होता." मग म्हणाली, "वायर असल हाय का नाई ते त्याले समजे. बाईचा टाका कोणत्या हाताचा ते पाह्यलं नाई त्यानं."

"मंग बोलल्या काऊन नाही वहिनी? वर्षभर!"

आता तिनं माझ्याकडे पाहिलं. तिची ती नजर अजून माझ्या डोळ्यांपुढून जात नाही.

"मले वाटलं, तुमाले मालूम हाय," ती म्हणाली. "तुम्ही त्याच्यापाशी दर आठवड्याले बसत होते. त्याचे पाय धरले म्हणून तुम्हीच सांगतलं. मले वाटलं, तुम्हीच देली असन. घरातल्या माणसाले काय इचाराचं?"

मी ओट्यावर बसलो. एक वर्ष माझ्या भावाची बायको मला चोर समजून रोज माझं ताट वाढत होती. आणि तिचं चुकलं होतं असं तरी कसं म्हणू? अजाबरावांनी वायर नेली ती नेली, सोबत माझी लाजही नेली, आणि त्यांना त्याचा पत्ताही नव्हता.

मला काहीच माहीत नव्हतं, हे वहिनीनंही ओळखलं असावं. ती उठली, घरातून कात्री आणली. गाडीपाशी बसून तिनं अजाबरावांचा एक एक टाका उसवला. काठ सोडवला, झटकला, घडी करून आत नेला आणि पेटीत ठेवला. बाहेर येऊन म्हणाली, "भाऊजी, मिशाईले पीठ लागलं." मी त्या दिवशी चक्कीवर गेलोच नव्हतो. पण मी मिशी पुसली.

नंतर मी कडुनिंबाखाली पाऊल टाकलं नाही. अजाबरावांनी दोनदा निरोप पाठवले. नामदेवभाऊले म्हणा, एक नवीन गाडी आली हाय, पाहाले या. फसवलेल्या माणसाला असे निरोप पाठवणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. त्यांच्या लेखी काही घडलंच नव्हतं. आणि सांगतो, दोन्ही वेळा माझं मन जायला तयार झालं होतं. त्याचा मला जास्त राग आला, त्यांचाही आणि माझाही.

त्यांना शेवटचं पाहिलं ते बऱ्याच वर्षांनी, मलकापूरच्या एसटी स्टँडसमोर. दादांची गाडी रस्त्यापलीकडे उभी करून मी हॉटेलात चहा पीत होतो. बाहेर बघतो तर अजाबराव. फार थकलेले. पाठ वाकलेली, चष्मा आलेला, टोपी तीच. चालता चालता माझ्या गाडीपाशी थांबले. आधी टाकीवरून हात फिरवला. मग इकडेतिकडे पाहिलं, काठी गाडीला टेकवली आणि हळूच खाली बसून टाकीखाली हात घातला, हँडलच्या मानेपाशी. तिथे आता उघडी वायर होती. ते चाचपत राहिले. हात पुढे नेला, मागे नेला, परत मानेपाशी आणला. त्या म्हाताऱ्या बोटांना तिथे काठ सापडत नव्हता.

बऱ्याच वेळानं त्यांनी हात बाहेर काढला आणि तसाच समोर धरून पाहत बसले. उठायला त्यांना जमत नव्हतं. मी पेला हातात घेऊन बाकावर बसून राहिलो. शेवटी एका अनोळखी माणसानं त्यांना धरून उभं केलं.